निरोप कुठल्या वाटेने जातो: वेबवरचा संवाद आतून बघायला शिकताना

वेब शिकायला बसलेल्या माणसाला आधी टॅग शिकवतात, मग रंग नि फॉन्ट, आणि महिन्याभरात तो एक देखणं पान उभं करतो. मग कोणीतरी विचारतं, "यात चॅट टाकता येईल का? आणि लाइव्ह?" तिथे गाडी अडते. पान दाखवणं, पत्र पोचवणं, गप्पा मारणं आणि समोरासमोर बोलणं ही मुळात वेगवेगळी कामं आहेत. वेबवर ती करायच्या रीतीही वेगळ्या आहेत, आणि हा फरक सुरुवातीला फारसं कोणी दाखवत नाही.

या लेखात कोड लिहायचा नाही, फक्त बघायचं आहे. त्यासाठी संगणक लागेल. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये आतलं काही दिसत नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतःला चार प्रश्न विचारत चला. आधी कोण बोलतं? समोरच्याने त्या क्षणी हजर असायला हवं का? उशीर किती चालेल? आणि वाटेत काही गळालं तर चालेल का? यातल्या शेवटच्या प्रश्नाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, पण व्हिडिओ कॉलपर्यंत पोचलो की सगळा खेळ त्याच्यावरच आहे.

पहिली पायरी: पान मागवणं

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एखाद्या मराठी वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडा आणि एफ १२ ही कळ दाबा. लॅपटॉपवर ती कळ भलतंच काही करत असेल तर पानावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' घ्या. उघडलेल्या चौकटीत 'नेटवर्क' निवडा आणि पान रिलोड करा. भराभर ओळी पडायला लागतील. एका बातमीसाठी शंभराच्या वर ओळी पडल्या तरी बिचकू नका. त्यातल्या बऱ्याचशा जाहिरातींच्या आणि वाचकावर नजर ठेवणाऱ्यांच्या असतात. आपल्याला सगळ्यांत वरची तेवढी हवी आहे.

तिच्यावर क्लिक केलं की दोन भाग दिसतात: ब्राउझरने केलेली विनंती आणि सर्व्हरने, म्हणजे पान साठवून ठेवणाऱ्या पलीकडच्या संगणकाने, दिलेलं उत्तर. उत्तरासोबत एक आकडा असतो. २०० म्हणजे सगळं ठीक, ४०४ म्हणजे असं पान इथे नाही, ३०४ म्हणजे तुझ्याकडची जुनी प्रत चालेल, ५०० म्हणजे सर्व्हरच्या बाजूलाच घोळ आहे. एवढे चार ओळखीचे झाले तरी पुष्कळ.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, ती तिथल्या शास्त्रज्ञांची माहिती आणि कागदपत्रं एकमेकांना सापडावीत म्हणून. कागद मागायचा, कागद मिळायचा. एचटीटीपी या नियमावलीच्या पहिल्या रूपात तर आज्ञाच एक होती, 'गेट'. सर्व्हर हा खिडकीतल्या कारकुनासारखा: विचारलं तेवढ्याचंच उत्तर, आपणहून एक शब्द नाही, आणि पुढचा माणूस आला की मागचा विसरला. हा विसराळूपणा अडचणीचा व्हायला लागला तेव्हा, १९९४ मध्ये, नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकीची सोय केली. सर्व्हर ब्राउझरला एक छोटीशी खूण देतो आणि ब्राउझर पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर ती परत दाखवतो. तुम्ही 'लॉग इन' राहता ते एवढ्यावरच.

सर्व्हर आपणहून बोलत नसेल, तर क्रिकेटचा धावफलक रिलोड न करता कसा बदलतो? सामना चालू असताना असं एखादं पान उघडा आणि नेटवर्कच्या चौकटीत 'फेच/एक्सएचआर' ही गाळणी लावा. बऱ्याच ठिकाणी दर काही सेकंदांनी एक नवी ओळ पडताना दिसेल. पान मागच्या मागे विचारतंय: काही झालं का? आता काही झालं का? ही सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ बरोबर आली, कारण मायक्रोसॉफ्टच्या लोकांना आउटलुक ब्राउझरमध्ये चालवायचं होतं. २००४ मध्ये जीमेल आलं आणि या युक्तीवर केवढं काय उभं राहू शकतं ते सगळ्यांनी पाहिलं.

अनुभवी मंडळी या सारखं विचारण्याला, म्हणजे पोलिंगला, नाक मुरडतात. माझं मत वेगळं आहे. शाळेच्या निकालाचं पान असो की सोसायटीत टँकर कधी येणार त्याचा फलक, मिनिटातून एकदा विचारणं भरपूर झालं. त्यासाठी याहून भारी यंत्रणा उभारणारा माणूस पुढे ती सांभाळतही बसतो.

दुसरी पायरी: पत्र उघडून पाहणं

ई-मेलला म्हातारं म्हणायची फॅशन आहे. रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ई-मेल पाठवला तो १९७१ मध्ये, म्हणजे वेबच्याही कितीतरी आधी. तेव्हा वय झालंय हे खरं. पण याच वयामुळे त्यात एक गुण राहिला आहे: ई-मेल कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. माझा मेल एका कंपनीकडे, तुमचा दुसरीकडे, तरी पत्र पोचतं. व्हॉट्सअॅपवरून टेलिग्रामवर निरोप पाठवून बघा, म्हणजे फरक कळेल.

आता प्रयोग. स्वतःलाच एक मेल पाठवा आणि विषयात फक्त 'नमस्कार' लिहा. आलेला मेल जीमेलमध्ये उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि 'शो ओरिजिनल' निवडून मूळ मजकुरापर्यंत जा. विषयाच्या ओळीत नमस्कार नसेलच. तिथे 'यूटीएफ-८' असं काहीतरी आणि त्यापुढे रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसेल.

त्या माळेत अर्थ आहे. ई-मेलची जुनी वाट फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि काही चिन्हं एवढंच वाहून नेण्यासाठी बांधलेली होती. देवनागरी तिच्यावरून न्यायची तर वेष बदलून न्यावी लागते. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतसंचाच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नमस्कार'मध्ये न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र अशी सात चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. बेस-६४ नावाची वेषांतराची पद्धत दर तीन बाइटांची चार रोमन चिन्हं करते, म्हणून माळेत २८ चिन्हं मिळतात. मोजून बघा. आणखी एक गंमत: दर चौथ्या चिन्हापाशी ४, के, एस हे त्रिकूट पुन्हा येतं, फक्त हलन्ताच्या जागी एसऐवजी डब्ल्यू. हे एकदा डोळ्यांत भरलं की कच्च्या मेलमध्येही मराठी विषय लांबूनच ओळखू येतो.

जोडलेल्या फाइलीही याच वाटेने जातात. म्हणून २५ एमबीची मर्यादा असते तिथे २० एमबीची फाइलही अडकू शकते: वेषांतरात ती तृतीयांशाने फुगते. एसएमएसचंही असंच. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, मराठीत ७० चिन्हं, आणि त्यात काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. ग्राहकांना मराठी एसएमएस पाठवणाऱ्याचं बिल एकाएकी दुप्पट-तिप्पट येतं त्याचं कारण हे.

आता दुसऱ्या कोणाकडून आलेल्या मेलचा मूळ मजकूर उघडा आणि त्यात 'रिसीव्ह्ड' अशा सुरुवातीच्या ओळी शोधा. त्या खालून वर वाचायच्या. पत्र ज्या ज्या सर्व्हरवर थांबलं त्याने आपला शिक्का वेळेसकट वर मारलेला असतो. बँकेच्या नावाने संशयास्पद मेल आला तर त्याच्या याच पानावर 'एसपीएफ' आणि 'डीकेआयएम' या पाठवणाऱ्याच्या तपासण्यांपुढे 'पास' आहे की 'फेल' ते पाहा. 'पास' असलं म्हणून मेल बँकेचाच असं समजू नका. ज्या डोमेनची, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, तपासणी झाली त्याच्या परवानगीने तो निघाला, एवढंच त्यातून कळतं; ते नाव वर दिसणाऱ्या पत्त्याहून वेगळंही असू शकतं. ते नाव आणि दिसणारा पत्ता दोन्ही बँकेचे आहेत का, हे आपणच एकेक अक्षर वाचून ठरवायचं.

घेणाऱ्याचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर पत्र टाकून देत नाही, थांबून पुन्हा प्रयत्न करतो. नियमावलीने त्यासाठी चार-पाच दिवसांची मुदत सुचवली आहे. समोरचा हजर नसला तरी चालेल, उशीर चालेल, पण अक्षरही गळता कामा नये, अशा कामाला ई-मेल. सभेची नोटीस, पावती, तक्रार ही त्याच जातीची कामं. ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली की सुप्रभातच्या फुलांखाली गाडली जातात.

तिसरी पायरी: उघडी राहिलेली तार

गप्पांना सारखं विचारत बसणं परवडत नाही. हजारो माणसांनी सेकंदाला एकदा "काही आलं का?" विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर 'नाही'च असेल, आणि ते देण्यातच सर्व्हर थकेल. यासाठी २०११ मध्ये वेबसॉकेट हे मानक पक्कं झालं. सुरुवात नेहमीच्या एचटीटीपी विनंतीने होते, पण ब्राउझर विचारतो, "आता आपण पद्धत बदलायची का?" सर्व्हर १०१ या आकड्याने होकार देतो आणि तिथून पुढे जोडणी उघडीच राहते. दोघांपैकी कोणीही, केव्हाही बोलावं.

बघायचं असेल तर व्हॉट्सअॅप वेबसारखं ब्राउझरमध्ये चालणारं एखादं चॅट उघडा, नेटवर्कमध्ये 'डब्ल्यूएस' ही गाळणी लावा (काही आवृत्त्यांत तिचं नाव 'सॉकेट' आहे) आणि पान रिलोड करा. १०१ आकड्याची ओळ दिसली की तिच्यावर क्लिक करून 'मेसेजेस' उघडा. कोणी निरोप पाठवला की तिथे वर-खाली बाणांच्या नोंदी पडतील. मजकूर मात्र वाचता येणार नाही. व्हॉट्सअॅपने २०१६ मध्ये सगळ्या निरोपांना टोकापासून टोकापर्यंत कुलूप लावलं, त्यामुळे वाटेवर दिसतात ते नुसते बाइट.

टिकांचा अर्थही इथेच नीट कळतो. एक टिक: निरोप सर्व्हरपर्यंत पोचला. दोन टिका: समोरच्याच्या उपकरणावर उतरला. निळ्या टिका: त्याने उघडून पाहिला. पत्रात एवढी जाग नसते, चॅटमध्ये असते. घराघरांतली निम्मी भांडणं या निळ्या टिकांवरची आहेत, पण तो विषय वेगळा.

एक गोंधळ नवशिक्यांचा हमखास होतो. टॅब बंद असताना येणारी सूचना वेबसॉकेटवरून येत नाही. टॅब मिटला की ती जोडणीही मिटते. अशी सूचना ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या पुश सेवेमार्फत येते, आणि 'नोटिफिकेशन पाठवू का?' असं पान विचारतं ते तिच्यासाठी. पान उघडताक्षणी हा प्रश्न विचारू नका. 'नाही' म्हणून गेलेला माणूस सेटिंग्जमध्ये जाऊन परत 'हो' म्हणत नाही.

चौथी पायरी: आरती जुळत का नाही

आता उशीर न चालणारा संवाद. फोनवर बोलताना आवाज एका बाजूने साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण स्वाभाविक वाटतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारसही तेवढीच आहे. त्याच्या बरंच पुढे गेलं की दोघं एकदम बोलतात, एकदम थांबतात आणि "तू बोल, नाही तू बोल" सुरू होतं.

हिशेब करून पाहा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे काहीही केलं तरी जाण्यात ६० मिलिसेकंदांहून जास्त जाणार, आणि समुद्रातल्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. त्यात आवाज आवळणं, पलीकडे उलगडणं, अधूनमधून उशिरा येणाऱ्या तुकड्यांसाठी जरासं थांबणं. १५० ची मर्यादा बघता बघता गाठली जाते.

बोलणं कसंबसं निभतं, गाणं नाही. २०२० च्या गणपतीत घरोघरी व्हिडिओ कॉलवर आरत्या झाल्या आणि टाळ्यांचा ताल कुठेच जुळेना. पुण्यातला 'सुखकर्ता' न्यू जर्सीला उशिरा पोचतो, तिथली टाळी आणखी उशिरा परत येते, ती ऐकून पुण्यातले थांबतात, आणि लय दर ओळीला मंद होत जाते. यावर वेगवान इंटरनेट हा उपाय नाही, कारण अडचण अंतराची आहे. एका घराने म्हणायचं आणि बाकीच्यांनी म्यूट करून आपापल्या घरी साथ धरायची, हे चालतं.

त्याच आरतीत झांजांचा आवाज अचानक गायब का होतो? व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरं माणसाचं बोलणं तेवढं ठेवतात आणि पंखा, मिक्सर, रहदारी असं बाकीचं गाळतात. झांज त्यांना मिक्सरच्याच जातीची वाटते. परदेशातल्या मुलांना इथून हार्मोनियम-तबला शिकवणारे गुरुजी याने बेजार होतात. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' ही सोय याचसाठी आहे. ती चालू करा आणि हेडफोन लावा, नाहीतर आवाज घुमेल.

ब्राउझरमध्ये काहीही न बसवता कॉल होतो तो वेबआरटीसीमुळे. गुगलने त्याचा कोड २०११ मध्ये खुला केला. आतापर्यंतच्या पायऱ्यांपेक्षा इथे दोन गोष्टी उलट आहेत. एक, गळालेला तुकडा चालतो. पान किंवा पत्र नेताना तुकडा हरवला तर टीसीपी ही वाहतुकीची पद्धत तो पुन्हा मागवते आणि तोवर मागचे थांबतात. बोलण्यात असं थांबलं तर सगळंच अडकेल, म्हणून कॉलसाठी शक्यतो यूडीपी वापरतात: गेला तर गेला, पुढचं ऐका. चेहरा क्षणभर चौकोनी होतो, संभाषण चालू राहतं.

दुसरी गोष्ट, जमेल तिथे दोन ब्राउझर मधला सर्व्हर टाळून थेट बोलतात. अडचण अशी की घरातली सगळी उपकरणं राउटरच्या एकाच बाहेरच्या पत्त्याआड दडलेली असतात. "बाहेरून माझा पत्ता काय दिसतो?" हे स्टन सर्व्हरला विचारलं जातं, आणि थेट वाट सापडलीच नाही तर टर्न सर्व्हरमधून सगळा आवाज-चित्र वळवलं जातं. तुमचा नवा कॉल घरच्या वायफायवर चालतो आणि ऑफिसच्या नेटवर्कवर चालत नाही, तेव्हा पहिला संशय टर्न सर्व्हर लावलेला नसण्यावर घ्या. माणसं बरीच असतील तर थेट वाट सोडून मधला सर्व्हर घेतातच, कारण प्रत्येकाने प्रत्येकाला चित्र पाठवायचं म्हटलं तर घरचं अपलोड दम तोडतं.

कॉल चालू असताना क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पुढे वेबआरटीसी-इंटर्नल्स असं रोमन लिपीत टाका. आलेखांची भली मोठी रांग उघडेल. त्यातले तीन शोधा: 'राउंड ट्रिप टाइम' (जाऊन-येऊन लागणारा वेळ), 'पॅकेट्स लॉस्ट' (गळालेले तुकडे) आणि 'जिटर' (तुकडे येण्याच्या वेळेतला चढउतार). खोलीचं दार बंद करून राउटरपासून लांब जा आणि आलेख हलताना बघा. पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांपेक्षा यात जास्त कळतं.

लाइव्ह हे लाइव्ह नसतं

शेजारच्या टीव्हीवर विकेटचा जल्लोष होतो आणि तुमच्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावतच येत असतो. व्हिडिओ कॉल अर्ध्या सेकंदाच्या आत पोचत असेल, तर सामना वीस-तीस सेकंद मागे का?

कारण तो कॉल नाही, पानांची मालिका आहे. अॅपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे छोटे तुकडे करतात. अॅपलची शिफारस एकेक तुकडा सहा सेकंदांचा ठेवायची. पुढचा तुकडा तयार झाला की ब्राउझर तो मागवतो, अगदी पहिल्या पायरीतल्या विनंतीसारखा. वाटेत अडखळू नये म्हणून तो दोन-तीन तुकडे मागेच राहतो. उशीर इथेच झाला. त्याच्या बदल्यात मिळतं ते मोठं आहे: तोच तुकडा गावोगावच्या साठवण-सर्व्हरवर ठेवता येतो आणि लाखो लोकांना साध्या फाइलीसारखा देता येतो. गणपतीचं लाइव्ह दर्शन, व्याख्यानमाला, पदवीदान यांना वीस सेकंदांनी काही बिघडत नाही. श्रोत्यांनी मध्येच प्रश्न विचारायचे असतील तर मात्र बिघडतं. वक्ता "काही शंका?" म्हणून पाच सेकंद थांबतो आणि पुढे जातो, तेव्हा घरी बसलेल्यांपर्यंत तो प्रश्न पोचलेलाही नसतो. तिथे सूत्रसंचालकाने शंका आधीपासून लेखी मागवाव्यात.

एकाच कागदावर अनेक हात

हा प्रकार थोडक्यात. मराठी विकिपीडियावरचा तुमच्या गावाचा लेख उघडा आणि 'इतिहास' पाहा. कोणी, कधी, काय बदललं ते सगळं आहे, आणि शेजारी 'चर्चा' हे वेगळं पान. मजकूर एका जागी, मजकुराबद्दलचा वाद दुसऱ्या जागी. गुगल डॉक्समध्ये हेच एकाच वेळी, एकमेकांचे कर्सर दिसत असताना होतं. मंडळाची कार्यक्रमपत्रिका दहा जणांनी मेलवर फिरवत 'फायनल', 'फायनल २', 'फायनल खरंच' अशा प्रती काढण्यापेक्षा यातलं काहीही बरं.

स्वतः बांधताना

आता एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव घ्या आणि कागदावर लिहा: कार्यक्रमपत्रिका, नावनोंदणी, स्वयंसेवकांचा समन्वय, मुलांच्या नाटकाची तालीम, भारतातल्या आजी-आजोबांना दिसणारा कार्यक्रम. प्रत्येकापुढे ते चार प्रश्न. पत्रिका पानावर जाईल, नोंदणी फॉर्मने आणि पावती मेलने, समन्वय चॅटवर, तालीम कॉलवर (गाणी सोडून), कार्यक्रम एचएलएसवर. यातलं स्वतः बांधायला घ्यावं ते फक्त पान आणि फॉर्म. ते जमलं की मागच्या मागे विचारणारा फलक, मग वेबसॉकेटचं छोटं चॅट. वेबआरटीसी सगळ्यांत शेवटी, तेही शिकण्यापुरतं. खऱ्या सभेसाठी तयार सेवा वापरा.

फॉर्म तयार झाला की नेटवर्कच्या चौकटीत वर 'नो थ्रॉटलिंग' लिहिलेली यादी सापडेल. तिथे '३जी' निवडून पान उघडा. एसटी स्टँडवर उभं राहून तुमचं पान उघडणाऱ्याला काय सोसावं लागतं ते दिसेल. मग फॉर्म पूर्ण भरा, यादीतून 'ऑफलाइन' निवडा आणि 'पाठवा' दाबा. भरलेली माहिती पुसली गेली आणि पडद्यावर इंग्रजीत चूक उमटली, तर पुढचं काहीही शिकण्याआधी ते दुरुस्त करा.